गप्प सर्व्हरची भीडमुर्वत

सौसरचा संत्रा बागायतदार नागपूरच्या कळमना बाजारातला भाव पाहायला मोबाईलवर एखादी वेबसाइट उघडतो. पान दिसण्याआधी, पापणी लवते न लवते तोच, पत्त्याची शोधाशोध होऊन गेलेली असते. यंत्राला नुसत्या नावावरून जागा सापडत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. तो आणून देणाऱ्या मध्यस्थाला रिझॉल्व्हर म्हणतात. त्याला पत्ता आधीच ठाऊक नसेल, तर तो मूळ सर्व्हर, मग ‘डॉट इन’ सांभाळणारे सर्व्हर आणि शेवटी त्या वेबसाइटचा पत्ता सांभाळणारा सर्व्हर, असा विचारत विचारत जातो. ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली.

त्या काळच्या हिशेबानं साध्या निरोपाला ५१२ बाइटची मर्यादा होती. देवनागरीचं एक चिन्ह सहसा तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम १७० चिन्हांचा मजकूर! पुढे हे अपुरं पडायला लागलं, म्हणून १९९९ मध्ये ईडीएनएस ही पुरवणी आली. तिची करामत पाहा. प्रश्नाच्या शेवटी अवघ्या ११ बाइटची एक नोंद जोडायची. एरवी अशा नोंदीत ‘वर्ग’ लिहायला दोन बाइटचा रकाना असतो. त्याच रकान्यात ‘मी एवढ्या आकाराचं उत्तर घेऊ शकतो’ हा आकडा बसवला. जुना साचा न मोडता नवी सोय झाली.

ज्या सर्व्हरला ही नोंद कळत नाही, त्यानं ‘मांडणी समजली नाही’ असं उत्तर द्यावं अशी अपेक्षा होती. काही सर्व्हरनी आणि त्यांच्यापुढे बसवलेल्या फायरवॉलनी मात्र प्रश्न चक्क गिळून टाकला. उत्तर नाही, नकारही नाही.

खरी पंचाईत इथेच झाली. सर्व्हर गप्प आहे तो प्रश्न कळला नाही म्हणून, की प्रश्नच वाटेत हरवला म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. रिझॉल्व्हर लिहिणाऱ्यांनी तोडगा काढला: थोडा वेळ वाट पाहायची, मग ती नोंद काढून पुन्हा विचारायचं. वेबसाइट उघडायची आणि लोक खूश व्हायचे. सर्व्हरवाल्याला तर काही बिघडलंय याचा पत्ताच नसायचा, मग तो दुरुस्ती कशाला करील?

पण वीसेक वर्षांत हा इलाज रोगापेक्षा भारी पडला. वाट पाहण्यात वेळ जायचा तो वेगळाच. नेटवर्कवर गर्दी होऊन एखादा निरोप हरवला, तर रिझॉल्व्हर धडधाकट सर्व्हरवर ‘जुनाट’ असा शिक्का मारून मोकळा व्हायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पत्ता खरा असल्याची खात्री देणारी डीएनएससेकची डिजिटल सही ईडीएनएसशिवाय मागताच येत नाही. नोंद काढली की सही येत नाही, आणि सही नाही म्हणून सही तपासणारा रिझॉल्व्हर पत्ताच नाकारतो. सर्व्हर चांगला, रिझॉल्व्हर चांगला, तरी वेबसाइट उघडत नाही.

सौसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा छोटी लाइन ब्रॉडगेज करायची होती, तेव्हा २०१५ मध्ये गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. हा तोडगा हटवायला इंटरनेटला असा ब्लॉक घेता येत नाही, कारण त्याला रेल्वे बोर्डच नाही. मग बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस आणि नॉट रिझॉल्व्हर या प्रमुख रिझॉल्व्हरच्या कर्त्यांनी आपसात एक तारीख ठरवली: १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतरच्या नव्या आवृत्त्यांत हा तोडगा नसेल, असं आधीच जाहीर केलं. गूगल आणि क्लाउडफ्लेअरसारख्या मोठ्या सार्वजनिक सेवाही सामील झाल्या. एकट्यानं तोडगा काढून टाकला असता, तर ‘तुमच्याकडेच वेबसाइट उघडत नाही’ म्हणून ग्राहक त्याच्यावरच ओरडले असते. सगळ्यांनी मिळून काढून टाकल्यावर दोष जिथला तिथे दिसू लागला. इंटरनेट कोसळलं नाही.

या निर्णयातली बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्या सर्व्हरवर बंदी आलेली नाही. ज्याला ईडीएनएस येत नाही, पण जो ‘समजलं नाही’ असं कळवतो, त्याच्याशी नवे रिझॉल्व्हर जुन्या पद्धतीनं बोलतात. गप्प बसणारा मात्र आता बंद पडलेला समजला जातो.