फोन वाजण्याची किंमत

फोन टॅपिंगचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आपल्या फोनात कोणाले काय सापडनार बापा? कापसाचा भाव न् पोरीची खबरबात!’ बोलणाऱ्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. त्याचं बोलणं ऐकत कानाला यंत्र लावून कोणी बसलेलं नाही. उरलेलं अर्धं किती चुकीचं आहे, हे मात्र २०१८ साली आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी उघडं पडलं होतं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांचे सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, बेकायदा मिळवून विकणारी साखळी पकडली. एकामागून एक खासगी गुप्तहेर अटकेत गेले. रजनी पंडित यांच्यासारखं नावाजलेलं नावही त्यात आलं. पुढे त्यांना जामीन मिळाला. तपासाचा धागा मागे मागे जात यवतमाळात पोचला आणि जिल्हा पोलीस दलातल्या एका कर्मचाऱ्याला अटक झाली. पोलिसांनी तपासासाठी म्हणून मोबाइल कंपनीकडून मागवायची माहिती त्याने बाहेर दिली, असा आरोप होता. बायकोवर पाळत ठेवणारा नवरा, नवऱ्याचा संशय घेणारी बायको, भागीदारावरचा विश्वास उडालेला व्यापारी: गुप्तहेरांचं गिऱ्हाईक बहुधा असंच असतं. देशाच्या सुरक्षेशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

या सीडीआरमध्ये बोलण्याचा एक शब्दही नसतो. मग लोक त्याला पैसे का मोजतात?

उत्तर मोबाइलच्या रचनेतच आहे. तुम्ही नेरला घरी आहात, शेतावर आहात की अमरावतीच्या एसटीत, हे पुण्याहून फोन करणाऱ्या पोरीला माहीत नसतं. तरी काही सेकंदांत तुमचाच फोन वाजतो. देशभरातल्या सगळ्या टॉवरवरून एकदम हाक मारली तर नेटवर्क कोलमडेल. म्हणून तुमचा फोन खिशात गप्प पडलेला असतानाही अधूनमधून नेटवर्कला आपला ठावठिकाणा कळवत राहतो. टॉवरांचा एक गट सोडून दुसऱ्या गटाच्या हद्दीत शिरला की लगेच कळवतो, एका जागी असला तरी ठरावीक वेळाने हजेरी लावतो. ठावठिकाणा न सांगणारा मोबाइल वाजूच शकत नाही. त्यामुळे ‘फोन आपली माहिती चोरतो’ ही तक्रार इथे लागू पडत नाही. ही माहिती त्याने द्यावी, म्हणूनच तर आपण दर महिन्याला रिचार्ज मारतो.

एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला वर्तुळाचा तिसरा हिस्सा येतो, आणि त्या हिश्शाला स्वतःचा सेल आयडी असतो. म्हणजे फोन कोणत्या टॉवरशी बोलतोय एवढंच नाही, तर त्याच्या कोणत्या अंगाला आहे तेही कळतं. शिवाय रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. हजारो फोनांचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तुमचा संदेश पोचायला किती वेळ लागतो हे टॉवर मोजतच असतो, आणि त्यातून अंतराचा अंदाज निघतो. जुन्या टूजीत हा अंदाज साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांनी यायचा, फोरजीत टप्पा ८० मीटरच्याही आत आला.

कंपनी यातलं सगळं जपून ठेवत नाही, पण कॉलची नोंद ठेवते. सीडीआर उघडला की एक्सेलचा रुक्ष तक्ता दिसतो. एका ओळीत तुमचा नंबर, समोरचा नंबर, तारीख, वेळ, कॉल आलेला की केलेला, किती सेकंद चालला, सुरू झाला तेव्हाचा सेल आयडी, संपला तेव्हाचा सेल आयडी, सिमची ओळख सांगणारा आयएमएसआय आणि हँडसेटचा १५ आकडी आयएमईआय. पहिला सेल नेरचा आणि शेवटचा नांदगाव खंडेश्वरकडचा असेल, तर माणूस अमरावतीच्या वाटेवर गाडीत होता. सिम बदलून त्याच हँडसेटमध्ये घातलं तर आयएमईआय जुनाच राहतो, आणि नवा नंबर कोणाचा हे उघड होतं. रात्रीचे कॉल ज्या सेलवर, तिथे घर. कॅन्सरच्या दवाखान्यात, मग वकिलाकडे, मग पतसंस्थेत लावलेले तीन फोन. ऐकायचं काय उरलं? २०२१च्या अखेरीस दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

खेड्यात टॉवर लांब लांब असतात, एकेका सेलखाली कित्येक चौरस किलोमीटर शिवार येतं, म्हणून इथला माणूस गर्दीत लपून जाईल असं वाटतं. पण संशोधक यव्ह-अलेक्झांडर द मॉन्तजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास छापला. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी, नावं काढून टाकलेल्या. अमुक तासाला अमुक टॉवरजवळ, असे फक्त चार बिंदू माहीत असले की ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून वेगळी काढता येत होती. जागेची आणि वेळेची नोंद मुद्दाम ढोबळ केली तरी हे वेगळेपण फार सावकाश कमी होत होतं. ही अनोळखी माणसांची गोष्ट झाली. तालुक्याच्या गावात तर प्रत्येकाचे दोन-तीन बिंदू शेजाऱ्यांना तोंडपाठ असतात: मंगळवारी कुठे, कोणाच्या लग्नाला कधी, मुलाची फी भरायला यवतमाळला कोणत्या दिवशी. मला विचाराल तर टॉवर विरळ असण्याचा इथे फारसा आसरा नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. हरवलेली मुलगी सापडते, खुनाचा आरोपी दुसऱ्या राज्यातून उचलून आणला जातो, तेव्हा बऱ्याचदा हाच तक्ता कामी आलेला असतो. सीडीआर नकोतच, असं म्हणणाऱ्याने आधी अशा घरी जाऊन यावं.

अडचण पहाऱ्याची आहे. बोलणं ऐकायचं असेल तर कायदा बऱ्यापैकी कडक आहे. १८८५च्या तार कायद्याखाली कसंही चालणाऱ्या टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या पीयूसीएल खटल्यात लगाम घातला. गृहसचिवांचा लेखी आदेश, एका वेळी दोन महिने, वाढवत नेलं तरी सहा महिने, वर फेरतपासणी समिती. २०२३चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४चे नियम हाच सांगाडा पुढे चालवतात. एवढं असूनही राज्याने काय पाहिलं? नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ आणि बच्चू कडू यांचा ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाखाली टॅप झाल्याचं प्रकरण विधानसभेत गाजलं. पुण्यात आणि मुंबईत वरिष्ठ पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे दाखल झाले, आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते दोन्ही रद्द केले. विदर्भातल्या या दोन नेत्यांसाठी निदान सभागृहात आवाज उठला.

सीडीआरला गृहसचिवांचा आदेश लागत नाही. २०१३ साली भाजप नेते अरुण जेटली यांचे कॉल रेकॉर्ड मागवल्याबद्दल दिल्लीत एका पोलीस शिपायाला अटक झाली, त्यानंतर पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच ही मागणी करावी असं ठरलं. पाच वर्षांनी यवतमाळचं प्रकरण आलं. कागदावर मागणी साहेबांच्या नावाची असते, पण तो कागद तयार करणारा, आलेली फाइल उघडणारा हात खालच्या टेबलावरचा असतो. संशयिताच्या दहा नंबरांत अकरावा घुसवला तर कंपनीला कळायला मार्ग नाही. कंपनी नंबर पाहते, त्यामागचा गुन्हा नाही.

२०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण हक्क मोडला गेला हे कळल्याशिवाय माणूस दाद कुठे मागणार? आज बँकेतून शंभर रुपये गेले तरी एसएमएस येतो. आपल्या दोन वर्षांच्या कॉलचा तक्ता कोणी नेला तर काहीच येत नाही. तपास चालू असताना आरोपीला सावध करता येणार नाही, हे पोलिसांचं म्हणणं रास्त आहे. त्यावरही तोड आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टॅपिंगचा आदेश संपल्यावर साधारण ९० दिवसांच्या आत संबंधिताला कळवावं लागतं, आणि तपासाला धक्का बसत असेल तर न्यायाधीश ती मुदत पुढे ढकलू शकतो. असाच उशिरा येणारा एसएमएस सीडीआरसाठीही पाठवता येईल: तुमच्या नोंदी अमुक तारखेला, अमुक जिल्ह्याच्या पोलिसांनी, अमुक गुन्ह्याच्या तपासासाठी घेतल्या. कंपनीकडे नंबर आहे, तारीख आहे, मागणीचा कागदही आहे. गुन्हा क्रमांक खोटा असेल तर तो सगळ्यात आधी नंबरवाल्यालाच ओळखू येईल.