सेंट्रल फिन्सबरी : एका लुप्त मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास

ब्रिटिश पार्लमेंटच्या नकाशावर १८८५ ते १९१८ अशी तेहतीस वर्षे असलेला लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ भारतीय वाचकाला ठाऊक असतो तो एका घटनेमुळे : १८९२ साली दादाभाई नौरोजी येथून पाच मतांच्या आधिक्याने कॉमन्स सभेवर, म्हणजे पार्लमेंटच्या लोकनियुक्त सभागृहावर, निवडून गेले. हा पाचाचा आकडा आपल्याकडे इतका परिचित आहे की ज्या मतदारसंघाने तो दिला त्याची स्वतंत्र विचारपूस फारशी होत नाही. वस्तुतः त्या निवडणुकीचा अर्थ लावायचा तर तिच्या आधीचे आणि नंतरचे निकालही शेजारी ठेवून पाहावे लागतात.

या मतदारसंघाची मुळे १८३२च्या सुधारणा कायद्यात आहेत. ओसाड झालेल्या जुन्या गावांचे प्रतिनिधित्व काढून घेऊन वाढत्या शहरांना ते देणाऱ्या या कायद्याने लंडनच्या उत्तर भागात दोन सदस्यांचा फिन्सबरी मतदारसंघ निर्माण केला. त्याच्या पहिल्या दोन प्रतिनिधींपैकी रॉबर्ट ग्रँट हे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८३८ साली पुण्याजवळ दापोडी येथे निवर्तले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि ग्रँट रोड ही नावे त्यांचीच. त्यांच्यानंतर १८३४ साली आलेले टॉमस डनकोम यांनी १८४२ साली चार्टिस्टांचा, म्हणजे सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मागणाऱ्या कामगारवर्गीय चळवळीचा, प्रचंड सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला, तर त्यांचे सहकारी टॉमस वॅकली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक होते. जहाल सुधारणावादाची ही परंपरा फिन्सबरीच्या मातीत अशी आरंभापासूनच रुजली होती.

१८८५च्या पुनर्वाटणी कायद्याने एक मतदारसंघ, एक सदस्य हे तत्त्व बहुतेक ठिकाणी लागू केले. इस्लिंग्टन वेगळे निघाले आणि उरलेल्या फिन्सबरीचे हॉबर्न, सेंट्रल व ईस्ट असे तीन भाग पडले. सेंट्रल भागाचा गाभा होता क्लार्कनवेल. घड्याळे, दागिने आणि बारीक यंत्रोपकरणे बनविणाऱ्या कारागिरांची ही वस्ती असून, येथे एका घड्याळाचे चक्र एकाच्या हाताखाली, स्प्रिंग दुसऱ्याच्या आणि तबकडी तिसऱ्याच्या हाताखाली तयार होत असे, आणि असे कारागीर बहुधा आपल्या राहत्या घरातच लहानसा कारखाना मांडून काम करीत. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतून येणाऱ्या यंत्रनिर्मित स्वस्त घड्याळांनी हा धंदा १८८०च्या दशकात खिळखिळा केला होता. जे घर तेच कामाचे ठिकाण असल्यामुळे घरभाडे, भाडेपट्ट्याची मुदत आणि जमीनदाराचे हक्क हे येथील मतदाराच्या जिव्हाळ्याचे प्रश्न होते.

त्या काळची मतदान-व्यवस्था ध्यानात घेतल्याशिवाय निकालांचे आकडे बोलत नाहीत. स्त्रियांना मत नव्हते. पुरुषांपैकी ज्याच्या ताब्यात स्वतंत्र घर आहे त्याला, तसेच वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला मताधिकार होता, परंतु दोघांनाही एका ठिकाणी बारा महिन्यांचे वास्तव्य दाखवावे लागे, आणि भाडेकरूला तर आपला दावा दरवर्षी नव्याने नोंदवावा लागे. कामाच्या शोधात बिऱ्हाड हलविणारा कारागीर त्यामुळे यादीतून सहज गळून पडे. दावे-हरकतींचा निवाडा करण्यासाठी नेमलेल्या वकिलांपुढे दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते दरवर्षी एकेका नावावरून झगडत. दोन पक्षांत अटीतटीची लढत असेल तेथे प्रचारसभांइतकेच या चिवट, नीरस कामालाही मोल होते.

या मतदारसंघात एकंदर आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. १८८५ साली लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली निवडून आले. पुढच्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या आयरिश स्वराज्याच्या विधेयकावरून लिबरल पक्ष दुभंगला आणि जागा हुजूर पक्षाचे फ्रेडरिक पेंटन यांच्याकडे गेली. पेंटन हे ज्या घराण्याच्या जमिनीवर अठराव्या शतकात पेंटनव्हिल ही वसाहत उभी राहिली त्या घराण्यातले होते. म्हणजे मतदारसंघाचा प्रतिनिधी आणि त्यातील एका मोठ्या भागाचा जमीनदार एकाच घराण्यातला होता.

त्याच १८८६च्या निवडणुकीत शेजारच्या हॉबर्नमधून दादाभाई प्रथमच उभे राहिले आणि १,९५० विरुद्ध ३,६५१ अशा मोठ्या फरकाने पराभूत झाले. पुढे १८८८ साली एडिंबरो येथील भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी या फरकाचे कारण उमेदवाराच्या काळ्या वर्णाशी जोडले आणि इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देण्याइतका बदललेला नाही असे सुचविले. या उद्गारांवर इंग्लंडमध्येच कडक टीका झाली आणि तोवर थोड्यांनाच माहीत असलेले दादाभाईंचे नाव घरोघर पोचले. याच वर्षी सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल कार्यकर्त्यांमध्ये त्यांच्या उमेदवारीचा प्रश्न पुढे आला, पण स्थानिक गटांत फूट पडून प्रतिस्पर्धी इच्छुक उभे ठाकले आणि हा वाद निवडणुकीच्या तोंडापर्यंत चिघळत राहिला. त्या काळात खासदाराला वेतन नव्हते. ते १९११ साली सुरू झाले. साठी ओलांडलेल्या दादाभाईंनी वर्षानुवर्षे मतदारसंघ सांभाळला. आयरिश स्वराज्य, स्त्रियांना मताधिकार आणि लंडनच्या नागरी कारभारातील सुधारणा यांवर ते क्लार्कनवेलच्या मतदारांशी बोलत राहिले.

जुलै १८९२ मध्ये दादाभाईंना २,९६१ आणि पेंटन यांना २,९५६ मते पडली. निकालाला आव्हान देणारा पेंटन यांचा अर्ज पुढे मागे घेण्यात आला. कॉमन्स सभेत दादाभाईंनी खोर्देह अवेस्ता या पारशी प्रार्थनाग्रंथावर शपथ घेतली. जून १८९३ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडप्रमाणे भारतातही एकाच वेळी घ्याव्यात हा हर्बर्ट पॉल यांनी मांडलेला ठराव दादाभाईंच्या पाठिंब्याने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, तरी भारतीयांच्या मागणीच्या बाजूने पार्लमेंटचा कौल नोंदला गेला. १८९५ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सदस्य झाले. याच आयोगापुढे १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी दिलेली साक्ष त्यांच्या कीर्तीचा पाया ठरली.

१८९५च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे मॅसी-मेनवेअरिंग यांनी दादाभाईंचा ८०५ मतांनी पराभव केला आणि १९०० साली जागा पुन्हा राखली. १९०६ साली लिबरल लाटेत विल्यम स्टेडमन निवडून आले. ते नौका बांधणारे कारागीर आणि कामगार संघटनांचे नेते असून ‘लिब-लॅब’, म्हणजे लिबरल पक्षाच्या पाठबळावर निवडून येणाऱ्या कामगार प्रतिनिधींपैकी होते. जानेवारी १९१० मध्ये हुजूर पक्षाचे मार्टिन आर्चर-शी विजयी झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील निवडणुकीतही त्यांनी जागा राखली. १९१८ साली तिन्ही भागांची जागा फिन्सबरी या एकाच मतदारसंघाने घेतली. १९५० साली त्यात शोरडिच आले आणि १९७४ पासून हा प्रदेश इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी या मतदारसंघात मोडतो.

हे आठ निकाल एका ओळीत मांडले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९१० पूर्वीच्या सहाही निवडणुकांत ज्या पक्षाकडे देशाचा कल होता त्याच पक्षाकडे ही जागा गेली. पारडे इतके समतोल होते की देशातील वाऱ्याची झुळूक येथे लगेच जाणवे. १८८६ साली हॉबर्नमध्ये दादाभाई हरले तेव्हा वारा लिबरल पक्षाच्या विरुद्ध होता आणि इंग्लंडमध्ये परत येऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. १८९२ साली ते जिंकले तेव्हा वारा अनुकूल होता आणि १८९५ साली तो पुन्हा फिरला. १८९२ साली वेस्ट हॅम साउथमधून निवडून आलेले खाणकामगारांचे गोरे नेते केअर हार्डी हेही १८९५ साली हरले, तर त्याच निवडणुकीत बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून मंचरजी भावनगरी हे मुंबईचेच दुसरे पारशी गृहस्थ हुजूर पक्षातर्फे विजयी झाले. वर्णद्वेषाने दादाभाईंची मते मुळीच तोडली नाहीत असा याचा अर्थ नव्हे. परंतु निकाल ठरविणारे बळ पक्षाच्या लाटेत आणि स्थानिक संघटनेत होते, आणि सॉल्सबरी यांच्या विधानाला या मतदारसंघाचा तक्ता दुजोरा देत नाही.

दादाभाईंच्या चरित्रकारांनी आणि अभ्यासकांनी म्हणूनच या जागेकडे नशिबाने मिळालेला कौल म्हणून पाहू नये. सहा वर्षांची तयारी, स्थानिक प्रश्नांची जाण, कार्यकर्त्यांची चिकाटी आणि अनुकूल काळ यांचा मेळ जमला तेव्हा ती जागा मिळाली, आणि काळ फिरताच गेली. परकीय राजधानीतील घड्याळजींच्या वस्तीला स्वतःच्या गाऱ्हाण्यांसह आपले मानल्यामुळेच भारताचे गाऱ्हाणे पार्लमेंटमध्ये मांडण्याचा अधिकार दादाभाईंना मिळाला, हाच सेंट्रल फिन्सबरीच्या तेहतीस वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.