वचननाम्यात पाणी वर कसं आलं

पत्रकाच्या पहिल्या मसुद्यात पाणी सातव्या क्रमांकावर होतं. त्याच्या आधी उद्यान, विरंगुळा केंद्र, सीसीटीव्ही, ओपन जिम, अभ्यासिका असं सगळं. पक्षाच्या कचेरीतून आलेला साचाच तसा होता. फोटो आणि चिन्हाची जागा तेवढी मोकळी. प्रचारात मजकूर लिहिणाऱ्या आम्हा दोघातिघांनी गावाचं नाव घातलं आणि आमच्या उमेदवार ताईंच्या पुढ्यात ठेवला.

पुणे महापालिकेच्या १५ जानेवारी २०२६च्या निवडणुकीतली ही गोष्ट. आमचा भाग सिंहगड रस्त्याच्या टोकाचा, ३० जून २०२१ रोजी पालिकेत आलेल्या २३ गावांमधला. गावं पालिकेत आली तशा ग्रामपंचायती गेल्या. पुढे मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे साडेचार वर्षं इथे हक्काचा ना सरपंच, ना नगरसेवक. नेमक्या त्याच काळात भाताच्या खाचरांवर टॉवर चढत होते आणि रोज टेम्पो भरभरून नवी कुटुंबं राहायला येत होती.

ताई पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. मसुदा वाचून त्यांनी एवढंच विचारलं, “विहिरीचं कुठे लिहिलंय?”

विहीर म्हणजे नांदेड गावातली. जानेवारी २०२५मध्ये जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं राज्यभर पोचली. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. चालती-फिरती माणसं हातापायातलं बळ जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात शुद्ध होऊन शहराला मिळतं, आणि धरणाच्या पायथ्याच्या गावांना मात्र त्या विहिरीतून नुसतं क्लोरीन टाकलेलं पाणी येत होतं. ताईंनी पेन घेऊन पहिले सहाही मुद्दे खोडले. पाणी एक नंबरला आलं, तेही ‘२४ तास शुद्ध पाणी’ अशा ठसठशीत अक्षरात.

हा ‘२४ तास’ टिकला फक्त सोसायटीच्या बैठकीपर्यंत. क्लब हाउसमध्ये खुर्च्या मांडलेल्या, अध्यक्षांनी टँकरच्या बिलांची फाइल टेबलावर ठेवलेली. वर बिल्डरच्या हमीपत्राची झेरॉक्स : पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवणं आमची जबाबदारी. सोसायटीचा ताबा दिला आणि ती जबाबदारी रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये जाऊन बसली. मागच्या रांगेतले एक निवृत्त अभियंता उठले. शांतपणे म्हणाले, “ताई, पाइप टाकाल हो, पण साठवण टाकीला जागा कुठली? ती ताब्यात आहे का?”

ताईंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. बरोबरचे कार्यकर्ते चुळबुळले, पण माझ्या मते अख्ख्या प्रचारातलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य होतं. रात्री छापखान्यात प्रूफ थांबवलं. खाली मुद्रक, प्रकाशक, प्रतींची संख्या सगळं बसवून झालं होतं. ‘२४ तास’ काढलं आणि लिहिलं : टाकीची जागा ताब्यात घेण्याचा पाठपुरावा, तोवर शुद्धीकरणाशिवाय पाणी सोडू देणार नाही. प्रभागातल्या आमच्या चार उमेदवारांच्या पॅनेलमधल्या बाकी तिघांपैकी एकाला हे फिकं वाटलं, तर “असं लिहून मतं मिळतात का?” हा दुसऱ्याचा प्रश्न. शेवटी चौघांच्या सहीनं तेच छापलं.

आता मनाला लागलेली गोष्ट. मतदारयादी १ जुलै २०२५च्या तारखेची होती. चिठ्ठ्या वाटायला टॉवरमध्ये गेलेली पोरं गठ्ठे तसेच घेऊन परत यायची, कारण मजल्यामागून मजले दारं उघडत होती आणि यादीत नाव नव्हतं. कुणाचं मत सोलापूरला, कुणाचं नांदेड जिल्ह्यात, कुणाचं कुठेच नाही. त्याच संध्याकाळी नियोजन बदललं. पदयात्रा गावठाणात वळल्या, भाषणात मिळकतकर आणि दशक्रिया घाट पुढे आले. तेही मुद्दे खरेच आहेत. पण टँकरचं पाणी पिणाऱ्यांची गर्दी ज्या इमारतींत आहे, तिथे उमेदवार दुसऱ्यांदा फिरकला नाही, याचं कारण यादी हेच होतं. पत्रकातला क्रम ताईंनी ठरवला खरा. पायांचा क्रम यादीने ठरवला.

म्हणून नव्या उपनगरात राहायला आलेल्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो : घराचा करारनामा झाला की गॅस आणि इंटरनेटच्या आधी मतदार नोंदणीचा अर्ज भरा : नाव कुठेच नसेल तर नमुना ६, दुसरीकडून हलवायचं असेल तर नमुना ८. आणि नगरसेवक दारी आले की उद्यान मागू नका. अंदाजपत्रकातल्या त्यांच्या ‘स’ यादीत, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत, यंदा कोणती कामं आहेत, आणि टाकीच्या जागेचं काय झालं, एवढं लेखी मागा.