घाटातील शर्यतीचे भाकीत

रायपूर हे सपाट मुलखातील शहर. येथून जगदलपूरकडे निघालेला रस्ता भाताच्या खाचरांमधून धमतरी, कांकेर अशी गावे मागे टाकीत दक्षिणेस जातो आणि दीडशेहून अधिक किलोमीटरपर्यंत सायकलस्वाराला मोठा असा चढ लागत नाही. मग केशकालचा घाट पुढे उभा राहतो आणि बस्तरच्या पठारावर पोहोचण्यासाठी वळणामागून वळण चढावे लागते. या रस्त्यावर धंदेवाईक सायकलपटूंची शर्यत भरली असे क्षणभर मानू. ती कोण जिंकेल? सामान्य प्रेक्षक सर्वांत बळकट पायांचा शोध घेऊ लागेल. जाणकार मात्र आधी निराळेच विचारील: शर्यत संपते कोठे? घाटमाथ्यावर, की पुढे कोंडागावला?

या प्रश्नाचे महत्त्व वाऱ्यात आहे. सपाटीवर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्याचे बहुतेक श्रम समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. दुसऱ्याच्या मागे, त्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे पाव ते तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सपाटीवर एकट्याने पुढे निसटलेला वीर सहसा जथ्याच्या हाती लागतो. खड्या चढावर वेग निम्म्यावर येतो, आडोशाचा लाभ आटतो आणि झगडा उरतो तो स्वतःच्या वजनाशी. स्वार आणि सायकल मिळून सत्तर किलो वजन असेल, तर एक किलो अधिक वाहणाऱ्याला तासाभराच्या चढावर सुमारे पन्नास सेकंद जास्त लागतात. सपाटीवरचा धिप्पाड विजेता घाटात मागे पडतो आणि किरकोळ अंगाचा गडी पुढे सरकतो, तो यामुळेच.

मुंबई–पुणे सायकल शर्यत हे याचे मराठी माणसाला परिचित असे उदाहरण होय. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाटाची जवळजवळ पाचशे मीटरांची चढण लागते. ती प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. परंतु घाटाचा राजा पुण्यात पहिला येईलच असे नाही. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठांहून अधिक किलोमीटरचा बहुतांशी सपाट रस्ता उरतो. तेथे पुन्हा वाऱ्याचे राज्य सुरू होते आणि मागून येणारी टोळी पाळीपाळीने पुढे होऊन एकट्या राजाला गाठू शकते. अंतिम रेषा खंडाळ्यालाच असती, तर निकालाचा रंग पालटला असता. घाट तोच, चढणारे तेच. केवळ घाटाचे स्थान बदलले की भाकीत बदलते.

दुसरा प्रश्न सोबत्यांचा. धंदेवाईक शर्यतीत प्रत्येक नायकामागे एक पथक असते. पथकातील गडी नायकासाठी वारा अंगावर घेतात, त्याला पाणी आणून देतात आणि चढाच्या पायथ्याशी इतका कडक वेग लावतात की प्रतिस्पर्ध्यांचे सोबती एकेक करून गळून पडावेत. हे गडी स्वतः पुष्कळदा बऱ्याच उशिरा माथ्यावर पोहोचतात आणि त्यांची नावे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. परंतु निर्णायक चढाच्या पायथ्याशी कोणाजवळ किती सोबती उरले, हे ज्याने मोजले, त्याला निकालाचा अर्धा सुगावा लागलेला असतो.

तिसरा प्रश्न शिलकीचा. शरीरात साठवलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांतच सरत येते. म्हणून चार-पाच तासांच्या टप्प्यात स्वाराला चालत्या सायकलीवर सतत खावे-प्यावे लागते. त्यात हयगय झाली, किंवा आरंभीच्या चढांवर उधळपट्टी झाली, तर शेवटच्या चढावर पाय एकाएकी जड होतात. ऊन असले, तर हा हिशेब अधिकच कडक होतो.

या तिन्ही प्रश्नांची परीक्षा १३ जुलै २०२२ रोजी फ्रान्समध्ये झाली. टूर द फ्रान्सचा त्या दिवशीचा टप्पा गालिबिए हा उंच घाट ओलांडून ग्रानोंच्या माथ्यावर संपणार होता. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार मागील दोन वर्षांचा विजेता होता. आघाडीची पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती आणि बहुतेकांचे भाकीतही त्याच्याच बाजूने होते. पण प्रतिस्पर्धी पथकाजवळ दोन मोहरे होते, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड आणि स्लोव्हेनियाचाच प्रिमोझ रोग्लिच. गालिबिएच्या वाटेवर दोघांनी आळीपाळीने हल्ले चढवले आणि पोगाचार प्रत्येकाला स्वतः उत्तर देत राहिला. ते पाहणाऱ्यांना त्याच्या बळाचे प्रदर्शन वाटले असेल. वस्तुतः तो खर्च होता. ग्रानोंचा चढ ११.३ किलोमीटरांचा, दर शंभर मीटरांस सरासरी नऊ मीटरांहून अधिक उंच होणारा. त्याच्या शेवटच्या पाच किलोमीटरांत विंगेगार्ड निघाला, आणि या वेळी पोगाचारकडून उत्तर आले नाही. माथ्यावर तो २ मिनिटे ५१ सेकंद मागे होता. पॅरिसला शर्यत संपली, तेव्हा दोघांतील अंतर २ मिनिटे ४३ सेकंद होते. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल एका चढाने लावला होता.

चढाची वेळ गणिताने बरीच जवळ सांगता येते. नामांकित स्वार तासाला सुमारे १,७०० मीटर उंची चढतो. ग्रानोंची चढण सुमारे १,०४० मीटरांची, म्हणजे छत्तीस-सदतीस मिनिटांचे काम. परंतु कोणाचे पाय केव्हा रिकामे होतील, हे कोणतेही गणित छातीठोकपणे सांगत नाही. विजेत्याचे नाव आधी उच्चारण्यात म्हणूनच फारसे शहाणपण नाही. घाट कोठे आहे, सोबती किती उरले आणि शक्ती कोणी कोठे खर्च केली, एवढे पाहत गेल्यास शर्यत आपला निकाल आपणच, माथा येण्याच्या पुष्कळ आधी, सांगू लागते. ज्याच्या नजरेला हे वळण लागले, त्याला अखेरचा विजेता तर दिसतोच. शिवाय त्याच्यासाठी पायथ्याशी दमून मागे राहिलेले अनामिक गडीही दिसतात.