मेक्सिकोची चटणी आणि आमचा हिशेब

कापडाच्या धंद्यात माल थांबतो. थान बांधून फळीवर ठेवले, तर सहा महिन्यांनीही ते थानच असते. फार तर फॅशन बदलते आणि चार पैसे कमी घेऊन ते काढून टाकावे लागते. फळ मात्र व्यापाऱ्यासाठी थांबत नाही. तीस वर्षे गजाने आणि मीटरने कापड मोजूनही हा साधा फरक आम्हाला नीट समजला नव्हता. तो समजावला एका हिरव्या चटणीने, आणि त्याची फीही वसूल केली.

या चटणीचे नाव ग्वाकामोले. ती मूळची मेक्सिकोची. तिथल्या जुन्या नाहुआट्ल भाषेत अ‍ॅव्होकाडो या फळाला ‘आहुआकात्ल’ आणि वाटलेल्या कालवणाला ‘मोल्ली’ म्हणत. दोन्ही शब्द एकत्र आले आणि स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे ग्वाकामोले झाले. अ‍ॅव्होकाडोचा गर, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ, एवढाच तिचा मसाला. तिथे ती मोलकाहेते नावाच्या तीन पायांच्या काळ्या दगडी खलात वाटतात. तो दगड ज्वालामुखीचा, म्हणजे बेसाल्ट. आपल्या दख्खनचा पाटा-वरवंटाही बेसाल्टचाच. त्यामुळे ही चटणी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

मेक्सिकोशी आमच्या भागाचा व्यवहारही जुना आहे. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. पुढच्या दशकात तिथे बनलेल्या व्हेंटो मोटारी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह मेक्सिकोला रवाना झाल्या. मोटारी गेल्या तशी माणसांची ये-जा वाढली. चाकण, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात परदेशी पाहुण्यांसाठी गेस्ट हाउस उभी राहिली आणि त्यांच्या ताटात काय वाढायचे, हा एक वेगळाच धंदा तयार झाला.

पहिली ऑर्डर

आम्ही कासारवाडीत राहतो. नाशिक फाटा हाकेच्या अंतरावर. आमच्या सूनबाईंच्या हाताला चव आहे. नातेवाइकांकडच्या दावतीत त्यांची ग्वाकामोले एकदा वाखाणली गेली आणि त्यातून २०२३ च्या पावसाळ्यात चाकणच्या एका गेस्ट हाउसची ऑर्डर आली. शनिवारी दुपारी चाळीस माणसांसाठी. बयाणा दोन हजार रुपये. आम्ही व्यापारी माणूस, लगेच ‘हो’ म्हणून मोकळे झालो.

गुरुवारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून चार किलो फळ आणले. हिरवे, घट्ट, डाग नसलेले. कापडाचा निर्दोष ताका निवडावा, तसे निवडले. पावसाळी दमट हवेत माल खराब होऊ नये म्हणून चिरंजीवांनी तो फ्रिजमध्ये ठेवला. शनिवारी सकाळी पाहतो, तर फळ गुरुवारी होते तितकेच टणक! मिक्सरमधून काढले, तर कडवट, कच्ची, दाणेदार भुकटी. दहा वाजता फोन करून माफी मागितली आणि बयाणा परत केला. फळाचे पैसे गेले ते वेगळे. त्याहून जड गेली ती जबान. इतक्या वर्षांत दिलेला शब्द मागे घेण्याची वेळ आमच्यावर क्वचितच आली होती.

सूनबाई म्हणाल्या, “अब्बा, मला नाही जमणार. पुन्हा कुणाची ऑर्डर घेऊ नका.” त्यांची काहीच चूक नव्हती. माल आम्ही आणला होता.

तेव्हा आमच्या बेगम स्वयंपाकघरातून एकच वाक्य बोलल्या, “आंबा कधी फ्रिजमध्ये पिकतो का?”

आढीचे शास्त्र

बेगमचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकून मऊ होत नाही. तो तोडल्यावर पिकायला लागतो. पिकताना फळातून इथिलिन नावाचा वायू निघतो आणि तोच वायू पुढचे पिकणे घडवतो. म्हणून आपल्याकडे आंब्याची आढी घालतात आणि केळी झाकून ठेवतात. थंडीत हे काम थंडावते. कच्चे फळ फार थंडीत राहिले, तर आतून काळे पडते आणि नीट पिकतही नाही.

आता आमच्या घरी अशी रीत आहे : कच्ची फळे वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पिकलेल्या केळ्यांसह कागदी पिशवीत ठेवायची. फ्रिज नाही, प्लॅस्टिक नाही. फळ किती कच्चे आहे त्यावर दोन ते पाच दिवस लागतात. पिकलेले फळ मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस थांबते. थोडक्यात, फ्रिज पिकलेल्या मालासाठी, कच्च्या मालासाठी नाही.

बाजारात दोन जातींचा माल दिसतो. एक आपल्या देशातला. हे फळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतून आपल्याकडे आले आणि कोडगू, केरळ, तमिळनाडूचे डोंगर व सिक्कीम इथे रुजले. बंगळूरकडे याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात आणि दूध-साखर घालून पितात. हे फळ बहुधा मोठे, पातळ सालीचे असते. गरात पाणी जास्त, स्निग्धता कमी. दुसरी जात हास. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत हे झाड निघाले आणि १९३५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. आज टांझानियासारख्या देशांतून हास आपल्याकडे येतो. साल खरबरीत, गर लोण्यासारखा, भाव चढा.

हास पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो. देशी फळ बहुतेक हिरवेच राहते, म्हणून तिथे रंगावर भरवसा ठेवू नये. फळ तळहातावर घेऊन हलके दाबावे. किंचित दबले तर आज वापरावे. दगडासारखे लागले तर आढीत टाकावे. बोट रुतले तर घेऊ नये. देठाचे बोंड काढून पाहावे : खाली हिरवे असेल तर माल चांगला, तपकिरी असेल तर आत डाग पडलेला असण्याचा संभव. कापडाचा पोत जसा बोटांना कळतो, तसाच हा पोतही सवयीने कळतो.

घरी करण्याची रीत

चार-पाच माणसांसाठी मध्यम आकाराची तीन पिकलेली फळे घ्यावीत. एक लहान कांदा अगदी बारीक चिरावा. चाकणचा कांदा असेल तर उत्तमच. एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ आणि हवा असल्यास बिया काढलेला अर्धा टोमॅटो.

प्रथम कांदा, मिरची, मीठ आणि थोडी कोथिंबीर खलबत्त्यात ठेचावी, म्हणजे रस सुटतो. मग फळ उभे कापून बाठ काढावी, चमच्याने गर घ्यावा आणि त्यात काट्याने किंवा रवीच्या बुडाने मोडावा. मिक्सर लावू नये, त्याने लगदा होतो. थोडे तुकडे दाताखाली आले पाहिजेत. शेवटी लिंबू, उरलेली कोथिंबीर आणि टोमॅटो. हे मिश्रण विस्तवावर ठेवू नये, अ‍ॅव्होकाडो तापवला की कडवट होतो. मक्याच्या चिप्स नसतील तर भाजलेल्या पापडाबरोबर किंवा ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर खावे.

कापलेला गर हवेला लागला की काळा पडतो, जसे वांगे किंवा सफरचंद पडते. लिंबाच्या आंबटपणाने हे लांबते, थांबत नाही. बाठ भांड्यात ठेवली की चटणी हिरवी राहते, असे पुष्कळजण सांगतात. आम्ही ठेवून पाहिली. बाठेखालची जागा तेवढी हिरवी राहिली, बाकी सगळी काळी. खरा उपाय हवा तोडणे हा आहे. प्लॅस्टिकचा पातळ कागद चटणीच्या अंगालाच चिकटवून झाकावा. तरीही त्याच दिवशी संपवावी.

पाचातले एक

आता व्यापारी बांधवांसाठी हिशेब. समजा, फळाचा भाव किलोला ३०० रुपये आहे आणि किलोत पाच फळे बसतात. साल आणि बाठ जाऊन साधारण ७०० ग्रॅम गर निघतो. म्हणजे गर ३०० चा नाही, सुमारे ४२९ रुपये किलोने पडला. आता पाचातले एक फळ सडके निघाले. गर राहिला ५६० ग्रॅम आणि भाव झाला सुमारे ५३६. नुकसान एक पंचमांश दिसते, पण किंमत एक चतुर्थांशाने चढते. नवा माणूस इथेच फसतो. तो खरेदीच्या भावावर नफा लावतो आणि महिन्याच्या शेवटी गल्ला रिकामा का, म्हणून विचारात पडतो. मांजरपाट धुतल्यावर आटते हे धरूनच आम्ही भाव सांगतो, तसे इथेही आट धरूनच भाव सांगावा.

सालीचा आणि बाठीचाही थोडा उपयोग आहे. त्या पाण्यात मंद उकळल्या की सुती कापडाला फिकट गुलाबी रंग चढतो. सूनबाईंनी एक ओढणी रंगवून आम्हाला दाखवली, तेव्हा आमच्यातला कापडवाला खूश झाला. पण त्यावर धंदा उभा राहील, असे आम्ही म्हणणार नाही.

विक्री करायची असेल, तर कितीही लहान प्रमाणात का होईना, अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्यावी. २००६ च्या या कायद्यातून घरगुती स्वयंपाकघर सुटत नाही.

दुसरी संधी

दीड महिन्याने त्याच गेस्ट हाउसच्या व्यवस्थापकांकडे आम्ही स्वतः गेलो. झालेली चूक न लपवता सांगितली आणि बयाणा न घेता पंधरा माणसांची ऑर्डर मागितली. त्यांनी दिली. या वेळी फळ सहा दिवस आधी आणले आणि आढीत दोन ढीग लावले : एक लवकर पिकणारा, एक उशिरा. कासारवाडीहून भोसरी, मोशीमार्गे चाकण जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, पण नाशिक रस्त्यावर गर्दीत दीड तास कुठे जातो ते कळत नाही. म्हणून चटणी करून नेली नाही. अख्खी पिकलेली फळे, चिरलेला कांदा आणि लिंबे डब्यात नेली आणि जेवणाआधी पंधरा मिनिटे तिथेच खलात मोडली. भांडे रिकामे परत आले.

आता महिन्यातून दोन-तीन ऑर्डरी येतात. सूनबाई चाळीस माणसांची ऑर्डर अजूनही घेत नाहीत. पंचवीसच्या वर नाही, असे त्या स्वतः फोनवर सांगतात. पूर्वी आम्हाला हे नुकसानीचे वाटले असते. आता आम्ही मधे बोलत नाही. आढीत काय पिकले आहे ते त्यांना ठाऊक असते आणि जेवढे पिकले आहे तेवढाच शब्द त्या देतात.