तानसा भरायच्या आधीच आलेला पूर

रविवार, ७ जुलै २०२४. रात्रभर कोसळलेल्या पावसानं भारंगी नदी शहापूरच्या वस्तीत शिरली, दारातल्या गाड्या वाहून गेल्या. परिसरातल्या एका रिसॉर्टमध्ये अडकलेल्या ४९ जणांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. अशा वेळी 'धरणाचं पाणी सोडलं असणार' असं हमखास बोललं जातं. पण त्या दिवशी तानसा धरण भरलेलंच नव्हतं. ते ओसंडून वाहू लागलं २४ जुलैला, दुपारी सव्वाचारच्या सुमारास. ७ जुलैला मुंबईत तर १० टक्के पाणीकपात चालू होती. शहापुरात शिरलेलं पाणी पावसाचं होतं, दारातल्या नदीचं होतं.

धरण पूर अडवतं, हा याच्या उलट समज. १८९२ साली बांधून झालेलं तानसा मुंबईला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी आहे. साठवण १४,५०८ कोटी लिटर. पावसाळा सरताना ते काठोकाठ भरलेलं असावं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं. पूर पोटात घ्यायला रिकामी जागा राखणं हे त्याचं काम नव्हे. भरल्यावर वरून येईल तेवढं पाणी खाली जातं. अकलोली-वज्रेश्वरी, गणेशपुरी, पुढे वसईतलं खानिवडे या काठावरच्या गावांना धरणाची धास्ती वाटते ती खरीच आहे. तिथं निदान इशारा तरी येतो. भारंगीसारख्या नद्यांना आणि गावातल्या ओढ्यांना मात्र ना दरवाजे, ना भोंगा.

सगळ्यात जास्त घोटाळा पूररेषेचा. जलसंपदा विभाग नकाशावर दोन रेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'गेल्या साली येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत,' असा अर्थ लोक काढतात आणि कर्ज काढून घर बांधतात. खरा अर्थ असा, की निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते. गेल्या वर्षी पूर आला म्हणून ती यंदा कमी होत नाही. निळ्या रेषेवरचं घर तीस वर्षं उभं राहिलं, तर त्या काळात एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे जाते. लाल रेषेवर ती सुमारे २६ टक्के. म्हणून नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, आणि निळ्या-लाल रेषांमध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं. रेषेमुळे जागेचा भाव पडतो ही तक्रार समजण्यासारखी आहे. पण रेषा पुसल्यानं पाणी वाट बदलत नाही.

संरक्षक भिंतीची मागणीही सगळीकडे होते. भिंत तिच्यामागच्या घरांना वाचवते. पसरायला जागा न मिळालेलं पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात चढतं. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय ती बांधणं अन्यायाचं आहे.

'विकास आराखड्यावर हरकत नोंदवून काय होतं?' हा समज सर्वांत घातक. शहापूरला नगरपंचायत आहे. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार तिच्या विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं, की ३० दिवसांत हरकती व सूचना देता येतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. शहापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, त्यामुळे गावपाड्यांत पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेच्या ठरावालाही वजन आहे.

'आमच्या भागाचा विचार व्हावा' एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. त्याऐवजी सर्व्हे नंबर लिहावा, पाणी चढलं ती तारीख आणि वेळ लिहावी, भिंतीवरच्या खुणेची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून फोटो जोडावा, कुठली मोरी तुंबली आणि कुठला ओढा भरावानं बुजला ते नकाशावर दाखवावं. मग अर्जाची पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावं.