खुडूक कोंबडीचा वारसा

सन 1971 मध्ये फिनलंडातील ब्रॉयलर कोंबड्यांत दूषित खाद्यावाटे साल्मोनेला इन्फँटिस या जंतूची साथ पसरली, आणि तिची कारणमीमांसा करता करता एस्को नुर्मी व रान्ताला या संशोधकांची दृष्टी खाद्याच्या कोठारावरून हटून उबवणी यंत्रावर स्थिरावली. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली फुटलेल्या अंड्यातले पिल्लू तिच्या मागे उकिरडा उकरीत हिंडताना तिच्या विष्ठेतून आतड्यातील जीवाणूंचा सारा वारसा उचलते. यंत्रातले पिल्लू मात्र जवळजवळ रिकामे आतडे घेऊन बाहेर पडते, आणि अशा एक दिवसाच्या पिलास मोजके जंतूही बाधतात, हे मिल्नर व शॅफर यांनी 1952 सालीच दाखविले होते. नुर्मी आणि रान्ताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिलांना पाजले, मागाहून साल्मोनेला दिला, आणि बहुसंख्य पिले त्यातून सुखरूप राहिली. 1973 साली 'नेचर'मध्ये हे निवेदन प्रसिद्ध झाले.

उपाय इतका साधा असूनही सरकारी दफ्तरात तो अडला, कारण ज्या मिश्रणातील घटकांची नावनिशी ठाऊक नाही त्यास परवाना कोणी द्यावा? येथून एकेका ज्ञात जीवाणूच्या निवडीचे दीर्घ पर्व सुरू झाले. आतड्यातून वेगळे केलेले लॅक्टोबॅसिलस जीवाणू प्रथम पेषणीच्या आम्लात, मग पित्तक्षारांत व एकेचाळीस अंशांच्या उष्णतेत जगतात का, हे पाहावयाचे. नंतर साल्मोनेला पेरलेल्या अगारच्या बशीत लहानशी विहीर पाडून तीत उमेदवार जीवाणूचा द्रव ओतावयाचा आणि दुसऱ्या सकाळी तिच्याभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजावयाचे. प्रतिजैविकांना दाद न देणारे आणि इतर जंतूंना देता येण्याजोगे जनुक ज्याच्या ठायी आढळले तो बाद. खाद्याच्या गोळ्या बनविताना वाफेची धग सोसणारे म्हणून बॅसिलसचे बीजाणू पुढे मान्यता पावले.

मला या चाळणीविषयी आदर आहे, तथापि तिच्यात एक उणीव राहून गेली असे वाटते. बशीतील वर्तुळ एकट्या जीवाणूचा पराक्रम सांगते. आतड्याच्या अंधांत्र या भागात मात्र रक्षण करतो तो समुदाय, जो जागा व्यापतो, अन्न संपवितो आणि मेदाम्ले स्रवून परक्याचे जिणे अवघड करतो. म्हणूनच अमेरिकेत 1998 साली मंजुरी मिळालेल्या 'प्रीएम्प्ट' या मिश्रणात प्रौढ कोंबडीच्या अंधांत्रातील एकोणतीस जीवाणू एकत्र होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1 जानेवारी 2006 पासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास मनाई केली आणि या संशोधनाची निकड आणखी वाढली.

'प्रीएम्प्ट' द्यावयाची रीत पाहण्याजोगी होती: हॅचरीतून निघालेल्या पिलांच्या अंगावर त्याचे तुषार उडवावयाचे, की ती ओली पिले आपली लव चोचीने साफ करू लागत आणि थेंबाथेंबाने ते द्रव्य गिळून टाकीत.